रुपयाला तेरा टाके

इतिहास हा राजांचा असतो, असं आम्हाला शाळेत शिकवलं. कोणता राजा कोणत्या साली गादीवर बसला हे आम्ही इतकं घोकलं, की आजही झोपेतून उठवून विचारलंत तर सांगेन. पण तोच राजा रात्री आडवा झाल्यावर अंगावर काय ओढून घेत होता, याबद्दल पाठ्यपुस्तकात चकार शब्द नव्हता. गादीचा इतिहास लिहिला गेला, पांघरुणाचा राहून गेला. वास्तविक घरोघरी पाहाल तर गादीपेक्षा पांघरुणावरूनच भांडणं जास्त होतात. ज्यांना चार भावंडं आहेत त्यांना हे निराळं सांगायला नको.

हा राहून गेलेला इतिहास लिहिण्याचा अधिकार मला काय, असं कुणी विचारील. मी साधा बी.कॉम., बँकेत कारकून. इतिहासाशी माझा संबंध एवढाच, की आमच्या शाखेतले पंखे ऐतिहासिक आहेत. तरीपण इतिहासकारांना सहसा नसणारी एक खोड मला वीस वर्षांच्या नोकरीनं लावली आहे. कोणतीही वस्तू समोर आली, की ती किती सुंदर आहे हे मला आधी दिसत नाही. ती कुणाच्या नावे पडली आणि कुणाच्या खाती जमा झाली, हे आधी दिसतं.

गोधडीकडे अशा नजरेनं बघायची वेळ आली ती आईच्या ट्रंकेमुळं. दिवाळी झाल्यावर आईनं ट्रंक उघडली आणि जुनी लुगडी-पातळं बाहेर काढून त्यांचा ढीग मांडला. त्यात तिच्या सासूची, म्हणजे माझ्या आजीची, दोन इरकली लुगडी होती. याच्या दोन गोधड्या करायच्या, एक घरात राहील आणि एक नात पुण्याला हॉस्टेलवर नेईल, असा ठराव तिनं मांडला. इथपर्यंत तो एकमतानं मंजूर झाला. मग ती म्हणाली, "हाताच्या टाक्याच्या." सौ. म्हणाली, "आई, पेठेत मशीनवर करून देतात. दोन दिवसांत मिळतात, टाकेही सरळ येतात." झालं! साताऱ्याच्या थंडीत आमच्या घरात दोन पक्ष उभे राहिले. अशा वेळी शहाणा माणूस तटस्थ राहतो आणि तटस्थ राहायला ग्रंथालयाइतकी चांगली जागा नाही.

तिथं मला पहिल्यांदा समजलं, की आमच्या घरातलं भांडण बरंच जुनं आहे. गोधडी तर त्याहून जुनी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये सिसिली बेटावरची एक गोधडी आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, कधीतरी १३६० ते १४०० च्या दरम्यान केलेली. तागाच्या कापडाचे दोन थर, मध्ये कापूस, आणि टाके घालून ट्रिस्टन नावाच्या वीराच्या कथेतले प्रसंग चितारलेले. सहाशे वर्षं झाली तरी टाके जागेवर आहेत. यात हाताच्या टाक्याची थोरवी आहेच, पण ती गोधडी आमच्या घरात आली असती तर टाके सहा वर्षं तरी राहिले असते का, हाही विचार करायला हवा.

आपल्याकडे ही वस्तू वीरांची नाही, बैराग्यांची. संस्कृतातली कंथा म्हणजे चिंध्या जोडून केलेलं वस्त्र. तिचाच बंगाली भाऊबंद तो कांथा. खाली कर्नाटकात तिला कौदी म्हणतात. उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका गोधडी करतात आणि तिच्या कोपऱ्यांना चिमुकले कापडी त्रिकोण, त्यांच्या भाषेत फुलं, लावल्याशिवाय ती उघडी-वाघडी दिसते असं मानतात. आपल्या गाडगेबाबांनी (१८७६ ते १९५६) तर ठिगळांचं वस्त्र जन्मभर अंगावर वागवलं, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. म्हणजे गोधडीला साधुत्व आहे. फक्त ती शिवणाऱ्या बाईला कुणी साध्वी म्हटल्याचं वाचनात नाही.

वाकळ म्हणा, गोधडी म्हणा, तिच्यात एक मोठी गंमत आहे. आपली साडी, आपलं धोतर ही सगळी न शिवलेली वस्त्रं. नऊवारी लुगडं दुकानातून येतं ते अखंड, सणासुदीला नेसलं जातं, मग रोजचं होतं, मग विरतं. सगळ्या हयातीत त्याला सुई शिवत नाही. ते निवृत्त झालं की मगच सुईखाली येतं. माणसं निवृत्तीनंतर विश्रांती घेतात, लुगड्याची खरी नोकरी तेव्हा सुरू होते.

करण्याची रीत अशी. सारवलेल्या नाहीतर पुसून घेतलेल्या जमिनीवर एक धड लुगडं पसरायचं. त्यावर फाटकी पातळं, धोतरं, पोरांची झबली, जे असेल ते सारखं करून अंथरायचं. वरून पुन्हा एक बऱ्यापैकी लुगडं, काठ दिसेल असं. चार बाजूंनी कच्चा टाका घालून थर पक्के करायचे. मग एका कडेनं धावदोरा सुरू करायचा तो कडेकडेनं फिरत, चौकोनात चौकोन करत मध्यावर येऊन थांबायचं. बाई गोधडीवरच बसते आणि गोधडीबरोबर सरकत जाते. शेतकरी जसा नांगर घेऊन फिरतो तशी. कापूस भरलेली दुलई ही वेगळी जात, तिला पिंजारी लागतो. गोधडीला बाहेरचं कुणी लागत नाही, आणि तिच्या हिशेबातला घोटाळा इथूनच सुरू होतो.

मी हिशेब मांडला. सहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद गोधडी धरा. म्हणजे बहात्तर इंच गुणिले चोपन्न इंच. टाक्यांच्या दोन ओळींत एक इंच अंतर धरलं, तर सगळ्या ओळींची लांबी मिळून ३,८८८ इंच, म्हणजे ३२४ फूट. इंचाला चार टाके धरले तर १५,५५२ टाके. पंधरा हजार पाचशे बावन्न वेळा सुई आत, पंधरा हजार पाचशे बावन्न वेळा बाहेर, तेही आठ-दहा पदरांतून. बोटात अंगुस्तान नसेल तर प्रत्येक वेळी बोटाची परीक्षा. एवढ्या सह्या आमचे मॅनेजरसाहेब नोकरीच्या आयुष्यात करत नाहीत आणि तरी त्यांचं मनगट दुखतं.

मशीन हे काम कसं करतं? त्याचे टाके बारीक, इंचाला दहा धरा. म्हणजे ३८,८८० टाके. मिनिटाला आठशे टाके पडले तरी पन्नास मिनिटांच्या आत खेळ खलास. थर लावणं, कापड सरकवणं, सुई मोडणं, मोडलेल्या सुईच्या नावानं बोलणं, हा सगळा वेळ जमेस धरला तरी दुपारच्या चहापर्यंत गोधडी तयार. दोरा मात्र मशीन जास्त खातं, कारण त्याला दोन दोरे लागतात.

हे दोन दोऱ्यांचं प्रकरण माझ्यासारख्या वाणिज्य पदवीधराला फार आवडलं. हाताचा धावदोरा म्हणजे एकेरी नोंद. एकच दोरा, कधी वर दिसतो कधी खाली, आणि सगळा व्यवहार विश्वासावर. मशीनचा टाका म्हणजे द्विनोंदी पद्धत. वरून सुईचा दोरा येतो, खालून बॉबिनचा, आणि प्रत्येक टाक्याला दोघांची कापडाच्या पोटात गाठ पडते. प्रत्येक नावेला जमा आहे. ताण कमी-जास्त झाला, की वरचं आणि खालचं जुळत नाही आणि खालच्या बाजूला दोऱ्याचं जंजाळ होतं. आमच्याकडे संध्याकाळी कॅश जुळली नाही की होतं, अगदी तसं.

ही दोन दोऱ्यांची युक्ती कुणाची, यावर अमेरिकेत बऱ्याच कोर्टकचेऱ्या झाल्या. त्याआधी फ्रान्समध्ये बार्थेलेमी थिमोनिए नावाच्या शिंप्यानं १८३० मध्ये एकाच दोऱ्याच्या साखळीटाक्याच्या मशीनचं पेटंट घेतलं होतं आणि पॅरिसमध्ये सुमारे ऐंशी मशीनं लावून सैनिकांचे गणवेश शिवायला घेतले होते. १८३१ मध्ये तिथल्या शिंप्यांनी जमावानं येऊन ती मशीनं फोडून टाकली. आमच्या बँकेत संगणक आले तेव्हा झालेली जळजळीत भाषणं जुने सहकारी अजून चहाच्या वेळी ऐकवतात. त्यांनी नुसत्या घोषणाच दिल्या हे संगणकाचं नशीब. थिमोनिए १८५७ मध्ये गरिबीतच वारला.

त्याच सुमारास अमेरिकेत वॉल्टर हंट नावाच्या गृहस्थानं, हंटसाहेबच म्हणू, दोन दोऱ्यांचं मशीन तयार केलं होतं. पण पेटंट घेतलं नाही. असं सांगतात, की त्याच्या मुलीनंच त्याला अडवलं. हे मशीन बाजारात आलं तर शिवणकामावर पोट भरणाऱ्या बायकांनी काय करायचं, असं तिचं म्हणणं. या गृहस्थानं पुढं १८४९ मध्ये सेफ्टी पिन शोधून काढली आणि पंधरा डॉलरचं कर्ज फेडायला तिचे हक्क चारशे डॉलरला विकून टाकले. कर्जफेडीची इतकी घाई असलेला माणूस मी आमच्या शाखेत पाहिलेला नाही.

मग आला इलायस हाऊ. १८४५ मध्ये बॉस्टनच्या एका कपड्याच्या कारखान्यात त्यानं आपलं मशीन पाच तरबेज शिवणाऱ्या बायकांविरुद्ध शर्यतीत उतरवलं आणि जिंकून दाखवलं. १८४६ मध्ये पेटंट मिळालं. पण मशीन एवढं महाग, की घेणार कोण? त्यापेक्षा पाच बायका स्वस्त! शर्यत जिंकूनही मशीन हरलं ते बायकांच्या कौशल्यापुढं नव्हे, त्यांच्या मजुरीपुढं. हा मुद्दा मी वहीत लाल शाईनं लिहून ठेवला आहे.

ही अडचण सोडवली आयझॅक सिंगरच्या कंपनीनं. सिंगर मूळचा नाटकवाला, स्वतःची मंडळी काढून गावोगाव फिरलेला. १८५१ मध्ये त्यानं आपल्या मशीनचं पेटंट घेतलं. मशीन चांगलं होतंच. पण खरी करामत केली त्याचा भागीदार एडवर्ड क्लार्क या वकिलानं. १८५६ मध्ये त्यानं हप्त्यानं मशीन द्यायला सुरुवात केली. थोडे पैसे आधी भरा, मशीन घरी न्या, बाकीचे महिन्याच्या महिन्याला. आज आमच्या बँकेत ज्या फळीवर मासिक हप्त्यांचे जाहिरातपत्रक लावलेले असतात, तिथं या वकिलाचा फोटो लावायला हरकत नाही. जग मशीननं शिवलं गेलं म्हणतात, पण त्या शिवणीचा खालचा दोरा कर्जाचा आहे.

या सिंगरबद्दल आपल्याकडे एक वेगळीच आख्यायिका रूढ झाली, आणि ती केली साक्षात महात्माजींनी. गांधीजींचा यंत्रांना विरोध, पण शिवणयंत्राचा त्यांनी अपवाद केला. नोव्हेंबर १९२४ च्या 'यंग इंडिया'त त्यांनी सांगितलं आहे, की शोधल्या गेलेल्या मोजक्या उपयोगी वस्तूंपैकी हे एक. सिंगरनं आपल्या पत्नीला सुईदोऱ्यानं कष्टताना पाहिलं आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी तिचे श्रम वाचवायला हे यंत्र केलं. महात्माजींचा माणसाच्या चांगुलपणावर विश्वास फार. हा सिंगर न्यूयॉर्कमध्ये एकाच वेळी अनेक संसार चालवीत होता आणि त्याच्या मुलांची संख्या डझनाच्या बरीच पुढं गेली होती. तेव्हा पत्नीप्रेमाचा मुद्दा अगदीच खोटा नाही, फक्त अनेकवचनात घ्यायचा. आणि एवढ्या मुलांची दुपटी-लंगोट हातानं शिवायची म्हटल्यावर मशीनला पर्याय तरी काय होता?

पण गांधीजींचं मूळ म्हणणं बाजूला ठेवण्यासारखं नाही. बायकोचे श्रम वाचले का? १८६० च्या सुमारास अमेरिकेत एक कोष्टक छापून आलं होतं. पुरुषाचा एक सदरा हातानं शिवायला साडेचौदा तासांच्या आसपास, मशीनवर सव्वा तास. म्हणजे सदऱ्यामागं तेरा तासांची बचत! आम्ही बँकवाले बचत म्हटलं की लगेच विचारतो, ठेवली कुठं? तर ती कुठंच ठेवली गेली नाही. कपड्यांना चुण्या आल्या, झालरी आल्या, झालरीला झालर आली. पूर्वी दोन सदऱ्यांवर भागवणारा नवरा सहा सदरे मागू लागला. आणि पोटासाठी कपडे शिवणाऱ्या बायकांना नगामागं मिळणारी मजुरी खाली आली. हंटसाहेबांच्या लेकीला हिशेब बरा येत असावा.

तिकडच्या गोधड्यांचं तर आणखीच निराळं. मशीन नवं आणि महाग होतं तेव्हा तिथल्या बायका गोधडीवर मुद्दाम उठून दिसेल असा मशीनचा टाका घालीत, म्हणजे आपल्या घरी मशीन आहे हे पाहुण्यांना न सांगता कळावं. आपल्याकडे नव्या फ्रीजला दिवाणखान्यात जागा मिळायची, त्यातलाच प्रकार. पुढं मशीन घरोघरी झालं आणि वारं फिरलं. आता हाताचा टाका प्रतिष्ठेचा. ज्याच्याकडे वेळ आहे तो श्रीमंत! अमेरिकेतल्या आमिश पंथाच्या लोकांनी मात्र छान मध्यममार्ग काढला. वरचे तुकडे जोडायचे ते पायमशीनवर आणि थरांना टाके घालायचे ते हातानं. विजेच्या तारेचं घराला वावडं, पण पायानं चालणाऱ्या मशीनला हरकत नाही.

हा वाद किती टोकाला जाऊ शकतो, याचा पुरावा १९८९ चा. केंटकी राज्यात पाडुका नावाचं गाव आहे. (नाव ऐकून मी आधी त्याचा संबंध रामायणाशी लावला होता, तो नाही.) तिथं दरवर्षी गोधड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. त्या वर्षी कॅरल ब्रायर फॅलर्ट या बाईंच्या सूर्यग्रहणाच्या गोधडीला सर्वोत्कृष्ट म्हणून निवडलं गेलं, आणि ती मशीनवर टाके घातलेली होती. असं तिथं पहिल्यांदाच घडलं. मोठं काहूर माजलं. ही गोधडीच नव्हे, इथपर्यंत मंडळी गेली. आमच्या घरात वाद सुरू होता तेव्हा मी हा प्रसंग मोठ्यानं वाचून दाखवला. आई म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं." कुणाचं, ते तिनं सांगितलं नाही. दोन्ही पक्षांनी आपापला अर्थ घेतला.

आपल्याकडे मशीन आलं तेव्हा त्याचं सुरुवातीला जरा हसंच झालं. सिंगर कंपनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथं आली खरी, पण बाया साडी नेसतात आणि बाप्ये धोतर, तर शिवायचं काय? मशीन गेलं ते शिंप्यांच्या दुकानात. मग झंपर आले, परकर आले, पोरांच्या शाळेचे गणवेश आले, १९३० च्या दशकात कलकत्त्याला आपली स्वतःची उषा मशीनं होऊ लागली, आणि लग्नाच्या रुखवतामागं झाकण घातलेलं शिवणयंत्र दिसू लागलं. गोधडी मात्र बराच काळ मशीनखाली आली नाही. साध्या घरगुती मशीनला आठ-दहा पदर पेलत नाहीत. वरचं कापड पुढं ढकललं जातं, खालचं मागं राहतं, आणि उलटून बघावं तर मागच्या बाजूला चुण्यांचा डोंगर. त्याला वेगळा पाय लागतो, मोठं मशीन लागतं. ते आता पेठेत आहे. म्हणून तर हा प्रश्न आमच्या घरात २०० वर्षं उशिरा पोचला.

आता मी लाल शाईच्या मुद्द्याकडे येतो. आईच्या ट्रंकेच्या तळाशी लुगड्यांखाली आजोबांची १९५५ ची कीर्द सापडली. आजोबांचा हिशेब चोख. मीठ, काडेपेटी, न्हाव्याची बलुतं, काही सुटलेलं नाही. त्यात थंडीच्या तोंडावर एक नोंद आहे: गोधडीस्तव सुया व दोरा, सहा आणे. बस्स. गोधडीचा एकूण खर्च सहा आणे. कापड जुनं, त्याची किंमत शून्य, हे एक वेळ समजू. पण पंधरा हजार टाके? ते कोणत्या सदरी? मी मागची-पुढची पानं उलटून पाहिली. आजी त्या कीर्दीत कुठंच नाही. तिची दुपार कुठल्या खात्याला लिहायची हे आजोबांना कुणी शिकवलं नव्हतं. बी.कॉम.ला आम्हाला परिव्यय लेखांकन होतं: माल, मजुरी, वरखर्च. मजुरीचा रकाना कोरा ठेवला तर परीक्षक शून्य देत. इथं पिढ्यान्पिढ्या तो रकाना कोरा आहे आणि त्याला आपण माया म्हणतो.

माया नव्हती असं मी म्हणत नाही. त्या वाकळेत मी लहानपणी झोपलो आहे. तिच्यात जी ऊब होती ती पेठेतल्या कुठल्याही रजईत नाही, आणि हाताच्या टाक्यानं थर सैल राहतात, कापड मऊ पडतं, मशीनची शिवण अंगाला दोरीसारखी लागते, हेही खरं. पण ऊब मोजताना ती कुणाच्या खात्यातून काढली, हे बघायला नको का?

आईचे डोळे आता सुईच्या नेढ्यात दोरा ओवू देत नाहीत. मोतीबिंदू काढून झाला, तरी नाही. म्हणजे हाताचा टाका म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी हात. आईनं गोडोलीकडच्या एका मावशींना बोलावणं धाडलं. दर विचारला. गोधडीला बाराशे. आठ दिवस, रोजचे चारेक तास. मी मागच्या खोलीत बसून हिशेब केला. बत्तीस तासांचे बाराशे, म्हणजे तासाला साडेसदतीस रुपये. दोन वडापाव, तेही चटणी जादा न मागता. आणि टाक्यांनी भागलं, तर रुपयाला तेरा टाके.

हा आकडा मी बाहेर येऊन जाहीर केला. त्यावर जे झालं ते कुठल्याच इतिहासात वाचलं नव्हतं. मशीन पक्षाच्या सौ. म्हणाल्या, "मग हातानंच करायची असेल तर निदान अडीच हजार द्यायला पाहिजेत." आणि हाताच्या टाक्याचा पक्ष उसळून म्हणाला, "अडीच? सगळीकडं बाराशेच घेतात! वाकळेला का कुणी अडीच हजार देतं? आम्ही तर फुकट केल्या!" बराच वेळ शांतता. शेवटचं वाक्य आईच्याच कानावर पुन्हा आदळलं असावं, कारण थोड्या वेळानं ती म्हणाली, "दोन हजार दे." टाक्याचा भाव रुपयाला पावणेआठवर आला.

मावशी दुसऱ्या शनिवारी आल्या, बँकेला सुट्टी होती म्हणून मीही घरी होतो. त्यांनी ढीग पुढ्यात ओढला, एकेक पातळ उजेडात धरून पाहिलं, दोन बोटांत चोळलं. सौ.नी त्यांना सरळच विचारलं, मशीनवर का नको?

"नव्या कापडाला मशीनच बरं की वैनी," मावशी म्हणाल्या. "पर ह्ये इरलंय. मशिनीचा टाका बारीक. रेघंवर भोकं भोकं पडत्यात आन् धुतलं की त्याच रेघंवर फाटतंय. हाताचा टाका लांब, कापडाला सोसतो." मग आजीची दोन इरकली लुगडी त्यांनी बाजूला काढली. "ही वर घालते. काठ अजून चांगलाय." दोनशे वर्षांच्या वादाला त्यांना एक मिनिट पुरलं, आणि त्यातला निम्मा वेळ चष्मा पुसण्यात गेला.

चहा झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "दादा, तुमी बँकेत हाय न्हवं?" त्यांना मशीन घ्यायचं होतं. जाड काम करणारं, मोटरचं, अठ्ठावीस हजारांचं. लेक दहावी झालीय, ती नव्या कापडाच्या गोधड्या शिवेल, दुकानवाला घेतो म्हणालाय. आई त्यांच्याकडे बघतच राहिली.

सोमवारी त्या आधार कार्ड, दोन फोटो आणि मशीनच्या दुकानाचं कोटेशन घेऊन शाखेत हजर. २०१५ पासून पन्नास हजारांपर्यंतचं मुद्राचं शिशु कर्ज मिळतं, त्याचा अर्ज मी भरायला घेतला. धंद्याच्या रकान्यात काय लिहायचं यावर जरा अडलो. सरकारनं २०२३ मध्ये कारागिरांसाठी जी विश्वकर्मा योजना काढली तिच्यात अठरा धंद्यांची यादी आहे. होड्या बांधणारे आहेत, कुलपं करणारे आहेत, हार गुंफणारे आहेत, मासे धरायची जाळी विणणारेसुद्धा आहेत. गोधडीवाली नाही. जवळचा म्हणजे शिंपी. मुद्राच्या अर्जाला यादी नाही, हव्या त्या धंद्याचं नाव चालतं. मी 'गोधडी शिवणे' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. अनुभव किती वर्षं, विचारलं. मावशींनी बोटं मोजायला घेतली आणि मध्येच सोडून दिली. मी तीस लिहिले.

"हप्ता किती बसंल?" त्यांनी विचारलं.

दोन वर्षांची मुदत धरून मी आकडा काढला. महिना तेराशेच्या आसपास.

"म्हंजी म्हैन्याची एक गोधडी बँकेच्या अंगावर," मावशी म्हणाल्या आणि अंगठा पुढं करायच्या ऐवजी पेन मागून घेऊन त्यांनी सही केली.